नारायणरावांस ?रावे

मराठी माणसाला इतिहासातल्या सनावळ्या आठवत नाहीत. पानिपत कोणत्या साली झाले असे एकदम विचारले, तर चांगला पदवीधरसुद्धा किल्ली हरवल्यासारखा खिसे चाचपू लागतो. पण ‘ध’चा ‘मा’ कोणी केला, हे त्याला झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगेल. १७७३ सालच्या ऑगस्टची ३० तारीख, गणपतीचे दिवस, पुण्याचा शनिवारवाडा. राघोबादादांच्या चिठ्ठीत ‘नारायणरावांस धरावे’ असे होते. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि अठरा वर्षांचा पेशवा गारद्यांच्या हातून मारला गेला, असे सांगतात. इतिहाससंशोधक ही गोष्ट ऐकून मान हलवतात, पण आडवी. तरीही गोष्ट टिकली आहे. शुद्धलेखनाचे महत्त्व पोरांना पटवून द्यायला आमच्या मास्तरांना याहून सोयीचा खून कुठे मिळणार होता?

मला मात्र लहानपणापासून एक शंका होती. समजा, आनंदीबाईंनी काहीच केले नसते. नुसती शाई फुटून मधले अक्षर गेले असते, तर गारद्यांनी काय करायला हवे होते? ही शंका मी वर्गात विचारली तेव्हा मास्तरांनी मला बाकावर उभे केले. प्रश्न अवघड असला की तो विचारणाऱ्याला उंचावर ठेवायचे, अशी तेव्हाची शिक्षणपद्धती होती. पुढे साठ वर्षे तो प्रश्न मी माळ्यावर टाकून दिला होता. तो खाली काढला माझ्या पुतण्याने, आणि तोही संगणकाच्या निमित्ताने.

हा पुतण्या पुण्याला संगणकाची नोकरी करतो. म्हणजे नक्की काय करतो, हे मी त्याला दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा समजल्यासारखा चेहरा केला. दिवाळीला तो बीडला आला आणि आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या तावडीत सापडला. या वाचनालयाला तीसएक वर्षांपूर्वी एक स्मरणिका काढायची हुक्की आली होती. कंकालेश्वराच्या तळ्यापासून खजाना विहिरीपर्यंत जुन्या बीडची माहिती, जुन्याजाणत्यांच्या आठवणी आणि शेवटी देणगीदारांची यादी, असा भरगच्च ऐवज होता. काही प्रती खपल्या, काही फुकट वाटल्या, आणि राहिलेल्यांचे वाचन वाळवीने पूर्ण केले. आता ती पुन्हा छापायची टूम निघाली. प्रत कोणाकडेच धड नाही, पण मजकुराची तबकडी कपाटात होती. ती संगणकात घातली तर पडद्यावर मराठीचे एक अक्षर दिसेल तर शपथ! रोमन अक्षरे, कंस, टक्के, उद्गारचिन्हे, सगळ्यांचा गोपाळकाला. आमचे अध्यक्ष म्हणाले, ‘‘कोणी तरी शिव्या लिहिल्यात.’’

पुतण्याने मला समजावून सांगितले ते असे. त्या काळी छापखान्यातल्या संगणकाला मराठी येत नव्हते. त्याला मराठीचे सोंग घेता येत होते. संगणकाच्या पोटात सगळीच अक्षरे म्हणजे आकडे. ज्या आकड्याला साहेबाने आपले एखादे रोमन अक्षर ठरवले होते, त्याच आकड्याच्या अंगावर फॉन्टवाल्याने ‘क’चा अंगरखा चढवायचा. जुन्या नाटक मंडळ्यांत आत पुरुष आणि बाहेर शालू असे, तसे हे आत इंग्रजी आणि बाहेर मराठी. बरे, प्रत्येक कंपनीचा कपडेपट निराळा. एकीच्या फॉन्टमध्ये ज्या आकड्यावर ‘क’, दुसरीच्या फॉन्टमध्ये त्याच आकड्यावर ‘ळ’. पूर्वी गावोगावची पायली वेगळी असे आणि शेजारच्या गावी ज्वारी विकायला नेली की ती वाटेतच कमी भरे, त्यातलाच हा प्रकार. सरकारने प्रमाण ठरवून दिले नव्हते असे नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ नावाची, आपल्या लिप्यांची एक संकेतावली प्रमाण म्हणून जाहीर केली. त्याच साली जगातल्या सगळ्या लिप्या एका वहीत घालणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. पण प्रमाण जाहीर होणे आणि प्रमाण पाळले जाणे यांत किती अंतर असते, हे प्रमाणभाषा बोलणाऱ्यांना मी काय सांगावे? आमच्या स्मरणिकेचा छापखाना बंद पडला, त्याच्याबरोबर त्याचा फॉन्ट गेला, आणि अंगरखे गेल्यावर आतला पुरुष उघडा पडला.

आता हे सगळे युनिकोडमध्ये आणायचे म्हणजे प्रत्येक आकड्यासमोर त्याचे खरे अक्षर लिहून कोष्टक करायचे. तेवढ्यानेही भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चारतो आपण नंतर. जुन्या फॉन्टात ती टंकलेखन यंत्रासारखी आधी मारत. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या मागे ठेवतात. रफाराचे याच्या उलट. तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण बोलण्यात त्याचा मान पहिला. म्हणजे वेलांटीला मागे ढकला आणि रफाराला पुढे ओढा. ‘आर्थिक’ या एका शब्दात दोघांचीही जागा बदलावी लागते. आर्थिक बाबतीत अदलाबदल आलीच म्हणा!

पुतण्याने पहिली काही पाने मराठीत आणली आणि नव्या छापखान्यात पाठवली. दुसऱ्या दिवशी छापखान्याचा माणूस धापा टाकत आला. त्याच्या जुन्या संगणकावर त्याच पानांचे भलतेच रूप झाले होते: डोक्यावर तिरपी काडी घेतलेला रोमन ‘ए’, त्याच्यामागे एक नाण्यासारखी खूण, पुन्हा ‘ए’, आणि अधूनमधून चक्क जपानचा येन! पुतण्या शांतपणे म्हणाला, ‘‘काका, अक्षरे बरोबर आहेत. वाचणारा चुकीच्या पद्धतीने वाचतोय.’’ १९९२ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका खानावळीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी ताटाखालच्या कागदावर एक युक्ती आखली. (आमच्याकडे खानावळीतल्या कागदावर फार तर उधारीचा हिशेब होतो.) तिचे नाव यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक खोली पुरते, देवनागरी अक्षराला तीन लागतात. आमच्या घरी पाहुणे आल्यासारखे. आता जुन्या रीतीच्या यंत्राने या तीन खोल्यांना तीन वेगळी बिऱ्हाडे समजले, की प्रत्येक मराठी अक्षराची तीन परकी अक्षरे होतात. गंमत अशी की ऱ्हस्व वेलांटी आली तर त्यात साधे नाणे निघते आणि दीर्घ वेलांटी, मात्रा किंवा जोडाक्षर आले की येन. मराठी लेखनातून पैसा मिळत नाही, ही तक्रार मी जन्मभर ऐकत आलो. इथे दीर्घ वेलांटीगणिक येन टपकत होते, आणि वाचणारा मात्र कपाळाला हात लावून बसला होता.

हा सगळा खटाटोप पुतण्या ‘सी’ नावाच्या भाषेत करत होता. ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी केली. आधीची एक भाषा ‘बी’ होती म्हणून हिचे नाव ‘सी’. पोरांची नावे ठेवून ठेवून कंटाळलेल्या घरात होते तसे झाले. हिचा स्वभाव मात्र जुन्या कारकुनासारखा आहे. काम झाले नाही तर ती आरडाओरड करत नाही. बहुतेक वेळा उणे एक एवढेच उत्तर देते आणि ‘एर्नो’ नावाच्या एका खणात चुकीचा क्रमांक टाकून मोकळी होते. क्रमांक २ म्हणजे अशी फाइल वा असा कप्पा नाही. क्रमांक १३ म्हणजे परवानगी नाही. त्या क्रमांकाचे वाक्य करून देणारा एक वेगळा नोकर तिच्याकडे असतो. आपण सांगितले तर तो ते वाचून दाखवतो, नाही तर गप्प.

लिनक्समधली ही यादी मी पुतण्याकडून मराठीत ऐकली आणि मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले. क्रमांक ११: ‘पुन्हा प्रयत्न करा’, म्हणजे आपले ‘उद्या या’. क्रमांक १६: ‘यंत्र कामात आहे’, म्हणजे साहेब मीटिंगमध्ये आहेत. क्रमांक २८: ‘जागा शिल्लक नाही’, ही पाटी दिवाळीतल्या एसटीवर लावायला हरकत नाही. क्रमांक ३२: ‘पाइप तुटला’; बीडकराला याचा अर्थ सांगत बसावे लागत नाही. क्रमांक १७ ऐकून तर मी थक्क झालो: ‘फाइल अस्तित्वात आहे’. फाइल सापडली हीसुद्धा तक्रार असू शकते, एवढे मोकळे सत्य मी तोपर्यंत फक्त चौकशी समित्यांच्या बाबतीत ऐकले होते.

यादीतला मानाचा मणी म्हणजे क्रमांक २५. त्याचे जुने वाक्य होते: ‘हे टंकलेखन यंत्र नव्हे’. पूर्वी संगणकाला टंकयंत्रासारखी यंत्रे जोडत. समोर तसे यंत्र आहे का, एवढे विचारून पाहण्याचा तो प्रकार. नाही असे उत्तर आले की खणात २५ पडे. त्यात काही बिघडलेले नसे. पण पुढे दुसरेच काही फसले आणि खणातला क्रमांक कोणी बदलला नसला, तर तोच शिळा २५ वाचला जाई. पत्र पोचले नाही म्हणून माणूस तक्रार करी आणि उत्तर मिळे, ‘हे टंकलेखन यंत्र नव्हे’! विवाहित वाचकांना हे ओळखीचे वाटेल. भांडण आजच्या आमटीचे असते आणि मुद्दा निघतो १९८४ सालच्या मावसबहिणीच्या लग्नातला. खण एकच असल्यामुळे असे होते. म्हणून जाणती माणसे चूक होताक्षणी क्रमांक बाजूला टिपून ठेवतात आणि मग पुढचे बोलतात.

याच्या उलटही होते. खणात शून्य असताना तो वाचायला सांगितला तर यंत्र म्हणते, ‘चूक: यशस्वी’. शस्त्रक्रिया उत्तम झाली, फक्त रोगी दगावला, त्यातलेच. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे चुकीची सूचना जर एका लिपीपद्धतीत असली आणि पडदा दुसरीच पद्धत समजत असला, तर चुकीची सूचनाच गचाळ दिसते. आग लागल्याची वर्दी द्यायला धावत आलेल्या माणसाचाच घसा बसलेला!

हसून झाल्यावर मला वाटू लागले, की ही सूचना नीट लिहिणे काही फक्त संगणकवाल्यांचे काम नाही. ‘झाले नाही’ हे सांगायचीही एक नीती आहे. काय झाले नाही, कुठे अडले, आणि आता ऐकणाऱ्याने काय करावे, या तीन गोष्टी त्यात हव्यात. आपण यांतली एकही न सांगता जन्म काढतो. ‘काही तांत्रिक कारणामुळे’ हे आपले राष्ट्रीय वाक्य आहे. बीडला रेल्वे यायला २०२५ सालचा सप्टेंबर उजाडावा लागला. तोवर आमच्या दोन पिढ्यांनी ‘काम प्रगतिपथावर आहे’ एवढे एकच स्थानक पाहिले होते. ‘झाले नाही’ म्हणायला कोणालाही लाज वाटते, म्हणून आपण त्याचे सुंदर मराठीत रूपांतर करतो.

रूपांतराचे काम असे चालू असताना एका रात्री पुतण्याने लेखणी (म्हणजे कळफलक) खाली ठेवली आणि मला विचारले, ‘‘काका, कोष्टकात नसलेला आकडा आला तर काय करू? तबकडी जुनी आहे, मधूनमधून आकडे बिघडलेत. त्या अक्षराचे काय करायचे?’’ मी म्हणालो, ‘‘रिवाज काय आहे?’’ तो म्हणाला, लिपी बदलून देणारा ‘आयकॉन्व्ह’ नावाचा एक तयार हरकाम्या आहे. न समजणारे अक्षर आले की तो जागीच थांबतो आणि क्रमांक ८४ सांगतो: ‘ही अक्षरमाळा ग्राह्य नाही’. थांबायला नको असेल तर त्याचे दोन अवतार करून मिळतात. एकाला सांगायचे, ‘न समजेल ते गाळ’. दुसऱ्याला सांगायचे, ‘नव्या लिपीत नसेल त्याच्या जागी जवळचे दिसेल ते बसव’.

पुतण्याला वाटले आपण कामाचे विचारतोय. मला दिसत होता शनिवारवाडा.

बघा ना. गारद्यांच्या हातात चिठ्ठी आहे आणि एक अक्षर लागत नाही. गाळणारा गारदी वाचील, ‘नारायणरावांस रावे’. त्याला काहीच अर्थबोध होणार नाही, पण कागदावर काही चुकलेसेही दिसणार नाही. तो चिठ्ठी घडी करून पागोट्यात ठेवील आणि पगार घेत राहील. जवळचे अक्षर बसवणारा गारदी हुशार. तो म्हणेल, आपला धंदा काय? तलवारीचा. मग इथे कोणते अक्षर शोभेल? ‘मा’! यात त्याचा दुष्टपणा काही नाही. आपल्याला रोज जे दिसते तेच त्याने वाचले. आणि तिसरा गारदी, ज्याला आपण काहीसा मठ्ठ म्हणू, तो वाचील, ‘नारायणरावांस प्रश्नचिन्ह-रावे’. तो डोके खाजवील, वाड्याचा जिना पुन्हा चढेल आणि विचारील, ‘‘सरकार, हे धरावे, मारावे, तारावे की सारावे?’’ तेवढ्या वेळात दादासाहेबांचा राग निवळला असता, पेशव्यांची आरती आटोपली असती, आणि मराठ्यांचा इतिहास एका जिन्याच्या चढउतारावर बदलला असता.

म्हणजे ‘मला वाचता आले नाही’ या वाक्यात माणसे वाचवायची ताकद आहे. पण ते वाक्य म्हणायला आपली जीभ रेटत नाही. न वाचता येण्यापेक्षा चुकीचे वाचणे आपल्याला अधिक सुशिक्षितपणाचे वाटते. पूर्वीच्या पोथ्या उतरवून घेणाऱ्यांना याची जाण होती. पोथीच्या शेवटी ते लिहीत, की जसे दिसले तसे उतरवले आहे; शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नका. शिवाय पाठ मोडली, मान मोडली, हेही सांगून घेत. तरी हुशार मंडळी मध्ये आपले घालतच. आमच्या जिल्ह्याच्या वरच्या अंगाला गोदावरी वाहते आणि पलीकडे पैठण. तिथल्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अशा तीनशे वर्षांच्या हुशारीची जळमटे काढण्यासाठीच. आणि यापुढे कोणी आपली ओवी तिच्यात घालू नये, अशी तंबीही देऊन ठेवली. ओवी गाळणाऱ्यापेक्षा ओवी घालणाऱ्याची भीती त्यांना जास्त वाटली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाळलेली जागा कधी तरी खटकते. घातलेली ओवी चालीवर म्हणता येते!

बीडच्या माणसाला हे पुण्याच्या माणसापेक्षा लवकर समजावे, कारण आमचे गावच लिप्यांच्या घोटाळ्यात वाढलेले आहे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. दफ्तर उर्दूत, त्याआधीचे फारशीत, आणि घरचे कागद मोडीत. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. बारा वर्षांत घर न हलवता तीन राज्ये पाहिली. गावाच्या नावाचेच बघा. ‘बीड’मधला ‘ड’ आपण जीभ घोळवून म्हणतो; उर्दूत त्या उच्चाराला वेगळे अक्षर आहे, त्याचे रूप ‘र’सारखेच, वर एक खूण. साहेबाने तो ‘र’च्याच घरात घातला, वर पदरचा एक ‘ह’ दिला, आणि जुन्या इंग्रजी गॅझेटियरांत आमचा जिल्हा ‘भीर’ झाला. कोणीही संस्कृत जाणणारा समजेल, की इथले लोक भित्रे असणार.

उर्दूचा घसटा हात तर विचारूच नका. त्या लिपीत सगळी भिस्त नुक्त्यांवर. वर टिंब दिले तर ‘खुदा’, तेच खाली दिले तर ‘जुदा’. आणि घाईतला मुनशी नुक्ते देण्याचा कंटाळा करी. नुक्ते काढून घेतले की ‘नाना’, ‘बाबा’ आणि ‘टाटा’ हे तिन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. आमच्या गावचा नाना वाणी कागदोपत्री कधी टाटा झाला नाही, ही केवळ दैवाची अवकृपा.

आमच्या गल्लीत तेव्हा एक निवृत्त पेशकार राहत. ते उर्दू शाळेत शिकलेले, मोडीही जाणणारे. मी तरुण होतो तेव्हाची ही गोष्ट. खेड्यापाड्यांची माणसे जुने कागद पंचात बांधून त्यांच्या ओट्यावर येत आणि ते बाळबोध मराठीत उतरवून देत. त्यांची एक सवय होती. कागदाला भोक असले तर त्या जागी ते कंसात लिहीत, ‘येथे वाळवी’. शाई फुटली असली तर, ‘येथे डाग’. एकदा एक म्हातारी आली. तिच्या सासऱ्याच्या नावाची नोंद होती आणि नुक्ते नव्हते. ते ‘बापू’ही असू शकत होते आणि ‘बाबू’ही. पेशकारांनी लिहिले, ‘बापू किंवा बाबू’. म्हातारी चिडली. ‘‘बाप्पा, येकच काय तं लिवा की! मी काय हाकिमापुढं दोन सासरे घेऊन जाऊ?’’ पेशकार म्हणाले, ‘‘माय, मी वाचणारा आहे. वाळवीचा वकील नाही.’’

ती कागद घेऊन तरातरा निघून गेली. बाजारात दुसरे एक वाचणारे होते. त्यांना सगळे वाचता येई. भोकसुद्धा वाचता येई. त्यांच्या ओट्यावर नेहमी गर्दी असे. पेशकारांच्या ओट्यावर बहुधा मीच असे, चहाला. तेव्हा मला वाटले, काय हा हटवादीपणा! एका टिंबाने म्हातारीचे काम झाले असते. आजही मला तिचा तो पदर कपाळावर ओढून निघून जाणे आठवले की वाईट वाटते. नीतीचे असेच असते. तिचा खर्च बहुधा दुसऱ्याच्या खिशातून होतो. पण असेही वाटते, की पेशकारांनी ‘बापू’ लिहिले असते आणि समोरच्या भाऊबंदाने ‘बाबू’चा कागद आणला असता, तर म्हातारीजवळ परत जायला ‘किंवा’ एवढीसुद्धा जागा उरली नसती. २०२३ साली मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची सगळ्यांना एकदम आठवण झाली. त्या वादात मला पडायचे नाही. एवढेच म्हणतो, की जिथे एका शब्दावर पोराचा कॉलेजातला प्रवेश अडतो, तिथे पेशकारांसारखा कंस करणारा माणूस हवा, कोणत्याही बाजूने.

मी हे सगळे पुतण्याला सांगितले. तो घड्याळाकडे पाहत म्हणाला, ‘‘म्हणजे प्रश्नचिन्ह घालू ना?’’ तत्त्वज्ञानाचा सारांश असा करणारी पिढी मला आवडते. फक्त त्याने एक शहाणपणाची भर घातली. प्रश्नचिन्हही पुरते प्रामाणिक नसते, म्हणाला. ‘ध’ गेला तरी तेच, ‘मा’ गेला तरी तेच. एकदा ते बसवले की खाली काय होते ते कोणालाच कळायचे नाही. म्हणून जुनी तबकडी फेकायची नाही, आणि प्रत्येक प्रश्नचिन्हाची एक नोंद ठेवायची: पान अमुक, ओळ तमुक, आतला आकडा इतका, अक्षर ओळखता आले नाही. पेशकारांनी ‘येथे वाळवी’ लिहूनही मूळ कागद माणसाला परत दिला, तो याचसाठी.

एकूण तेवीस प्रश्नचिन्हे निघाली. कार्यकारिणीच्या सभेत गदारोळ झाला. छापील पुस्तकात प्रश्नचिन्ह बरे दिसत नाही, वाचनालय अडाणी आहे असे लोक म्हणतील, जागच्या जागी काही तरी भरून टाका, असे बहुमत होते. देणगीदारांच्या यादीत एके ठिकाणी ‘?मराव, रुपये अकरा’ असे आले होते. अध्यक्ष म्हणाले, ‘‘रामराव करून टाका. रामरावाला कोण नाही म्हणतो?’’ पण पुतण्या पुण्याला परत गेलेला, आणि तबकडीतली अक्षरे बदलायची कशी हे सभेत कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे सत्याचा विजय झाला. पहिल्या पानावर एक ओळ छापली, की जिथे प्रश्नचिन्ह आहे तिथे आम्हाला वाचता आले नाही. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कळवावे.

पुस्तक निघाले आणि आठ दिवसांत ‘?मराव’चे तीन वारस हजर झाले: एक रामराव, एक भीमराव, एक सोमराव. अकरा रुपये मागायला वाचनालयाची माणसे गेली होती तेव्हा घरोघर कोणीच सापडले नव्हते, असे आमचे जुने चिटणीस सांगत; अकरा रुपये दिल्याचा मान घ्यायला आता तिघे एकदम आले. महिन्याभराने एक साठीची बाई आली. वडील मोंढ्यावर हमाली करायचे, म्हणाली. तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक पावती काढली. शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होती: शामराव, रुपये अकरा, आणि खाली वाचनालयाचा शिक्का. तिला काही नको होते. ‘‘तेवढं नाव भरा,’’ म्हणाली, ‘‘त्यांनला वाचता येत नव्हतं, तरी दिले होते.’’

आम्ही ते रामराव करून टाकले असते, तर तिला पानावर आपला बाप दिसला नसता आणि पानाला ती विचारू शकली नसती. छापलेल्या रामरावाशी कोण वाद घालणार? शुद्धिपत्राची चिठ्ठी आता छापून आली आहे. अध्यक्ष ती स्वतः बसून, प्रत्येक प्रतीत बावन्नाव्या पानावर खळीने चिकटवतात आणि ‘मी आधीच म्हणत होतो’ असे सांगतात. बावीस प्रश्नचिन्हे अजून शिल्लक आहेत.